घडीचं शेल्फ की जोडायचं शेल्फ? घेण्याआधी फरक समजून घ्या

ऑनलाइन ‘फोल्डिंग बुकशेल्फ’ असं शोधलं की दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच रांगेत समोर येतात. एक खरोखरच घडीची असते: सगळे भाग बिजागऱ्यांनी कायमचे जोडलेले, उघडायला पाना लागत नाही की स्क्रू ड्रायव्हर. दुसरी सुट्या फळ्यांच्या खोक्यातून येते आणि घरी एलन कीने, म्हणजे षटकोनी टोकाच्या वाकड्या किल्लीने, जोडावी लागते. फर्निचरवाले तिला नॉक-डाऊन म्हणतात. दारात दोन्ही चपट्या खोक्यातूनच येतात आणि फोटोत दोन्ही लाकडीच दिसतात, त्यामुळे गल्लत होते. फरक कळतो तो दुसऱ्यांदा घर बदलताना.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘घर लहान आहे, म्हणून घडीचं घेतो’ असं बरेच जण म्हणतात. पण पुस्तकांनी भरलेलं शेल्फ कोणी रोज मिटत नाही. उभं असताना ते जमिनीवर इतर कुठल्याही शेल्फइतकीच जागा खातं. घडीचा फायदा होतो तो सामान हलवताना, अरुंद जिन्यात, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला तो फायदा मोठा आहे. स्वतःच्या घरात कायम राहणाऱ्याने मात्र घडीसाठी जास्त पैसे का मोजावेत, हे मला कळत नाही.

लहान घरात जागा वाचते ती शेल्फच्या मापांमुळे. आपली बहुतेक मराठी पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. त्यांना आठ इंच खोलीची फळी भरपूर झाली. बारा इंच खोल शेल्फ घेतलं की पुढे चार-सहा इंच रिकामे राहतात, तिथे हळूहळू औषधं, चाव्या आणि चार्जर जमतात आणि खोलीतली तेवढी वाट कायमची अडते. दिवाळी अंक जपून ठेवणाऱ्यांनी एखादा कप्पा दहा इंच खोल आणि फूटभर उंच ठेवावा.

आता मजबुती. कागद फार जड असतो. पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकांची एक मीटर रांग पंचवीस-तीस किलोंपर्यंत सहज जाते. फळी टोकापासून टोकापर्यंत भरली, तर दोन फुटांच्या फळीपेक्षा तेवढ्याच जाडीची तीन फुटांची फळी सुमारे पाचपट वाकते. जाडी 18 मिमीवरून 25 मिमी केली, तर बाक अडीच पटींहून जास्त कमी होतो. त्यामुळे शेल्फ कोणतंही घ्या, आधी आधारांमधलं अंतर आणि फळीची जाडी बघा, रंग आणि पॉलिश नंतर. नॉक-डाऊनमध्ये रुंद, पातळ फळ्या फार दिसतात. घडीची शेल्फं सहसा अरुंद आणि बुटकी असतात, त्यामुळे त्यांच्या फळ्यांना बाक कमी येतो.

स्वस्त नॉक-डाऊन बहुधा पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा चिकटवून, दाबून केलेल्या फळ्यांचं असतं. फळ्या जोडायला त्यात मिनिफिक्स वापरतात: एका फळीतून बाहेर आलेला खिळ्यासारखा दांडा दुसऱ्या फळीत घालायचा आणि तिथली गोल चकती स्क्रू ड्रायव्हरने फिरवून तो पकडायचा. पहिल्यांदा जोड घट्ट बसतो. पण शेल्फ खोलून पुन्हा जोडलं की दांड्याच्या भोकाभोवतीचा भुसा सुटतो, आणि तिसऱ्या घरात पोचेपर्यंत तोच दांडा हाताने उपसून येतो. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला ते टेकून ठेवलं, तर सनमाइका न लावलेली कड पाणी शोषून फुगते आणि मग ती पूर्ववत होत नाही. हेच शेल्फ चांगल्या प्लायमध्ये असेल तर बरीच वर्षं टिकतं. जोडताना मागचा पातळ हार्डबोर्ड मात्र गाळू नका. दिसायला फालतू वाटला तरी शेल्फला काटकोनात तोच धरून ठेवतो. तो ठोकण्याआधी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही तिरकी मापं टेपने घ्या. ती सारखी आली तरच खिळे ठोका.

घडीच्या शेल्फात सगळा जीव बिजागऱ्यांत असतो. दुकानात ते उघडून एक फळी वर उचला आणि ती खाली कशावर बसते ते बघा. बाजूंना ठोकलेल्या लाकडी पट्टीवर ती पूर्ण टेकत असेल, तर वजन पट्टी घेते आणि बिजागरीचं काम फक्त मिटण्यापुरतं उरतं. फळी नुसती बिजागरीवर लटकत असेल, तर ते शेल्फ पुस्तकांसाठी नाही, कुंड्यांसाठी ठीक आहे. मग वरची कड धरून डावी-उजवीकडे हलवा. सगळ्या फळ्या खाली बसलेल्या असूनही डुलत असेल, तर भरल्यावर जास्त डुलेल. लाकूड सागवान किंवा शिसवी असेल तर स्क्रू वर्षानुवर्षं पकड सोडत नाहीत. रबरवूड, म्हणजे रबराच्या झाडाचं लाकूडही चालतं, पण कीड लागू नये म्हणून त्यावर प्रक्रिया केली आहे का, हे विचारून घ्या. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल, तर बिजागऱ्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. लोखंडी बिजागरी खाऱ्या हवेत गंजून अडकते, आणि मग घडीचे पैसे वाया जातात.

उंचीचा प्रश्न मात्र नॉक-डाऊनच सोडवतं. जमीन कमी आणि पुस्तकं जास्त असतील, तर सहा फूट उंच आणि आठ इंच खोल शेल्फाला तोड नाही. पण इतकं उंच, अरुंद शेल्फ वरच्या बाजूने भिंतीला पक्कं करावंच लागतं, घरात लहान मूल असेल तर त्यात अजिबात हयगय नको. घरमालक भिंतीला ड्रिल लावू देत नसेल, तर उंच शेल्फाचा नाद सोडा, कमरेइतकी दोन घडीची शेल्फं शेजारी शेजारी ठेवा आणि जाड शब्दकोश, बांधीव खंड तळाच्या कप्प्यात घाला.