टोरेंट फाइल की मॅग्नेट लिंक?

‘भो, लिंक टाकली, पन काहीच उतरत नाही!’ जळगाव-भुसावळकडे कोणाच्या लॅपटॉपवर क्यूबिटटोरेंट (टोरेंटने फाइल उतरवायचं सॉफ्टवेअर) टाकून दिलं की दोन दिवसांत हा फोन ठरलेला. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ठीकच असतं. घोळ असतो तो टोरेंट फाइल आणि मॅग्नेट लिंक एकच समजण्याचा.

ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटोरेंट, म्हणजे एकमेकांच्या मशीनवरून फाइल तुकड्यातुकड्यांत घ्यायची पद्धत, आणलं, तेव्हा चालायची ती फाइल. तिच्यात माल नसतो, मालाची यादी असते: नावं, आकार, ट्रॅकरचा (कोणाकडे तुकडे आहेत ते सांगणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता आणि प्रत्येक तुकड्याचा २० बाइटचा हॅश, म्हणजे तुकड्यावरून गणिताने काढलेला ठसा. ४ जीबीची आयएसओ (डिस्कची प्रत असलेली फाइल) १ एमबीच्या तुकड्यांत कापली तर तुकडे ४,०९६, म्हणजे नुसते हॅशच ८० केबी. आलेला तुकडा हॅशशी जुळला नाही तर तो फेकून पुन्हा मागवला जातो. मध्येच लाइट गेली तरी आधीचे तुकडे वाया जात नाहीत.

मॅग्नेटमध्ये यादीच नसते, असतो ४० अक्षरी इन्फोहॅश, म्हणजे त्या यादीचाच ठसा. रावेरहून केळीची गाडी निघाली, तर टोरेंट फाइल म्हणजे हातातली बिल्टी आणि मॅग्नेट म्हणजे नुसता बिल्टी नंबर. पण हा नंबर कोणी देत नाही. तो नावं, आकार आणि हॅश यांतूनच गणिताने निघतो. त्यात एक अक्षर हललं की नंबर बदलला.

मग यादी येते कुठून? ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्याकडून. त्यांना शोधायला क्लायंट (आपलं सॉफ्टवेअर) डीएचटीत, म्हणजे ट्रॅकरशिवाय क्लायंटांनीच आपसात चालवलेल्या नोंदवहीत, विचारत फिरतो, आणि तोवर आकार कळत नाही, टक्का शून्यावर. होस्टेलच्या वायफायवर यूडीपी (डीएचटी ज्या वाटेने बोलतं ती) बंद असेल तर डीएचटी मुकं होतं, आणि लिंकमध्ये चालू ट्रॅकर नसला तर मॅग्नेट तिथेच बसून राहतं. त्याच नेटवर एचटीटीपी (साध्या वेबच्या वाटेने चालणाऱ्या) ट्रॅकरची फाइल मात्र चालून जाते.

नवख्याने उबुंटू किंवा लिबरऑफिससारख्या मोफत सॉफ्टवेअरसाठी फाइलच घ्यावी, असं माझं मत. दिवसाला दीड जीबीचा पॅक असताना आकार आधी दिसलेला बरा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला मॅग्नेट सोपं, एवढंच.

मुरलेल्यांसाठी एक वाट आहे. मॅग्नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टाका, ‘मेटाडेटा (म्हणजे ती यादी) मिळाल्यावर थांबा’ ही अट लावा, यादी आली की चालू एचटीटीपी ट्रॅकरचा पत्ता जोडा, राइट क्लिक करून टोरेंट फाइल एक्स्पोर्ट करा, आणि ती पेनड्राइव्हवरून होस्टेलच्या मशीनला द्या.