केव्हीएमने आधीच प्रोसेसर धरला: व्हर्च्युअलबॉक्सच्या अडचणीची पार्श्वभूमी

नोव्हेंबर 2024 मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, 6.12 आला आणि अनेकांच्या व्हर्च्युअलबॉक्समधली (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) मशीन सुरू होईनात. ड्रायव्हर नीट बिल्ड झालेला, त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) लोड झालेलं, तरी इंटेलवर 'व्हीएमएक्स रूट मोड'ची एरर आणि एएमडीवर दुसरा हायपरव्हायजर (आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एएमडी-व्ही वापरतोय अशी तक्रार. व्हीएमएक्स आणि एएमडी-व्ही म्हणजे आभासी मशीन चालवायची त्या त्या प्रोसेसरमधली सोय. ड्रायव्हर नव्याने बिल्ड करणारी व्हीबॉक्सकॉन्फिग कमांड पुन्हा पुन्हा चालवून यात काहीच फरक पडत नाही, कारण दुखणं ड्रायव्हरचं नाहीच; ती सोय केव्हीएमने, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या हायपरव्हायजरने, आधीच धरलेली असते.

व्हर्च्युअलबॉक्स आणि केव्हीएम, दोन्ही बाजू 2007 पासूनच्या. त्या जानेवारीत व्हर्च्युअलबॉक्सचा सोर्स खुला झाला, फेब्रुवारीत केव्हीएम कर्नलच्या 2.6.20 आवृत्तीतून थेट कर्नलमध्ये गेलं. व्हर्च्युअलबॉक्सचा होस्ट ड्रायव्हर (मूळ संगणकावर चालणारा) मात्र कायम कर्नलबाहेरच राहिला. कर्नलचे आतले इंटरफेस स्थिर ठेवण्याची हमी कोणी देत नाही, म्हणून दर अपडेटला मॉड्यूल नव्याने बिल्ड करावं लागतं. त्यासाठी लागणाऱ्या कर्नलच्या हेडर फाइली नसल्या की ते अडतं आणि -1908 हा एरर क्रमांक दिसतो. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सही हवी आणि तिची की एमओके या मालकाच्या की-यादीत नोंदवलेली हवी. गेस्ट बाजूचे (आभासी मशीनच्या आत चालणारे) ड्रायव्हर 2018 च्या 4.16 पासून टप्प्याटप्प्याने मुख्य कर्नलमध्ये आले, त्यामुळे तिकडची कटकट बरीच कमी झाली.

6.12 मधला बदल वेगळ्या जातीचा आहे. इंटेल प्रोसेसरच्या एका कोअरवर व्हीएमएक्स एका वेळी एकालाच चालू करता येतं. पूर्वी केव्हीएमचं मॉड्यूल बूटलाच लोड व्हायचं, पण पहिली मशीन सुरू होईपर्यंत ते व्हीएमएक्सला हात लावत नसे. त्यामुळे दोघं एका लॅपटॉपवर सुखाने नांदत. आता केव्हीएम लोड होतानाच सगळ्या कोअरवर व्हीएमएक्स चालू करतं. कारण खोटं नाही: शेकडो कोअरच्या सर्व्हरवर पहिल्या मशीनला होणारा उशीर टळतो आणि टीडीएक्ससाठी (इंटेलचं आभासी मशीन सुरक्षित ठेवणारं तंत्र) ते आधीच चालू असणं सोयीचं आहे. पण हे डीफॉल्ट सर्व्हरवाल्यांकडे बघून ठरलं आणि किंमत डेस्कटॉपवाल्यांनी मोजली. हे चालू-बंद करायचं पॅरामीटर दिलंच होतं, तर ते मुळात बंद ठेवून सर्व्हरवाल्यांना चालू करायला सांगता आलं असतं. उलट बाजूचं म्हणणं असं की बाहेरच्या मॉड्यूलसाठी कर्नलने थांबायचं कशाला. तत्त्व म्हणून ते जुनंच आहे; इथे मात्र फटका वापरणाऱ्याला बसला.

तात्पुरता उपाय म्हणजे मॉड्यूल लोड करणाऱ्या आणि काढणाऱ्या मॉडप्रोब कमांडला उणे-आर (-r) देऊन आधी केव्हीएम-इंटेल किंवा केव्हीएम-एएमडी आणि मग केव्हीएम काढणं. केव्हीएम वापरणारी एखादी क्यूईएमयू आभासी मशीन किंवा अँड्रॉइड एम्युलेटर चालू असेल तर 'इन यूज' येतं. आधी ते बंद करा. रीबूटनंतर मॉड्यूल परत हजर होतं.

कायमचा उपाय: ग्रबच्या (संगणक सुरू होताना कर्नल लोड करणारा प्रोग्राम) डीफॉल्ट फाइलमध्ये कर्नलच्या ओळीला 'केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड=0' जोडा, ग्रब अपडेट करा, रीबूट करा. सिस्टीम चालू असताना हे पॅरामीटर बदलत नाही, ते फक्त वाचता येतं. /sys/module/kvm/parameters या फोल्डरमध्ये त्या नावाच्या फाइलीत 'एन' दिसला की झालं. केव्हीएम ब्लॅकलिस्ट करायचा, म्हणजे लोडच होऊ न देण्याचा, सल्लाही फिरतो, पण त्याने एम्युलेटर आणि बॉक्सेस (केव्हीएमवर चालणारं आभासी मशीनचं अ‍ॅप) दोन्ही हातचे जातात. पॅरामीटरने केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स दोघंही वापरता येतात, फक्त एका वेळी एकच.