जराजर्जर वृद्धांसाठी ताकद व शक्तीचे व्यायाम

वार्धक्याने खंगलेल्या, खुर्चीतून उठताना हातांचा आधार घ्यावा लागणाऱ्या किंवा चालताना तोल जाणाऱ्या व्यक्तींकडून, स्नायूंवर पुरेसा भार टाकून करून घेतले जाणारे व्यायाम. स्नायू किती भार पेलतो ती त्याची ताकद. तोच भार तो किती झटकन हलवतो ती त्याची शक्ती. भौतिकशास्त्रात बल आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि म्हातारपणी या गुणाकारातला वेग फार लवकर ढासळतो. ठेच लागली की दुसरा पाय निमिषार्धात पुढे पडावा लागतो. पायात बळ असूनही तो उशिरा पडला, तर माणूस कोसळतो.

जराजर्जरता म्हणजे नुसते वय नव्हे. लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिची पाच लक्षणे ठरवली : प्रयत्न न करता वजन घटणे, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि एकूण हालचाल कमी होणे. तीन किंवा अधिक लक्षणे असल्यास व्यक्ती जराजर्जर मानली जाते. एक-दोन असल्यास ती त्या वाटेवर आहे असे समजतात. पकड आणि चाल ही दोन लक्षणे तर थेट स्नायूंचीच. वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या झिजेला अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ च्या सुमारास ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाची उणीव. या झिजेत जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक बारीक होतात, म्हणून ताकदीपेक्षा शक्ती वेगाने ओसरते. पासष्टीपुढच्या निरोगी स्त्री-पुरुषांच्या एका ब्रिटिश पाहणीत ताकद वर्षाला १ ते २ टक्क्यांनी, तर पायांची शक्ती सुमारे ३.५ टक्क्यांनी कमी आढळली.

अशा माणसाला वजन उचलायला लावणे धोक्याचे, ही समजूत दीर्घकाळ पक्की होती. तिला मोठा धक्का बसला तो अमेरिकेतील बॉस्टन येथे. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये वृद्धनिवासातील, नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, गुडघा सरळ करण्याचा व्यायाम दिला. तोही नावापुरता नव्हे : एका दमात जास्तीत जास्त जितके वजन उचलता येते, त्याच्या ८० टक्के वजनापर्यंत त्यांना नेले. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. मात्र व्यायाम थांबल्यावर चार आठवड्यांत कमाल ताकद ३२ टक्क्यांनी घसरली, हेही त्याच अभ्यासातून दिसले. पुढे १९९४ मध्ये याच गटाने सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० जणांवर दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग केला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली आणि जिने चढण्याची शक्ती २८ टक्क्यांनी वाढली. पोषक पेय घेतले पण व्यायाम केला नाही, त्यांच्या पदरी मात्र काही पडले नाही. नुसत्या टॉनिकावर विसंबणाऱ्या घरांनी हा निष्कर्ष जरूर ध्यानात घ्यावा.

वेगावरचा भर नंतर वाढला. स्पेनमधील पाम्प्लोना येथे मिकेल इस्किएर्दो यांच्या गटाने नव्वदीच्या आसपासच्या जराजर्जरांना आठवड्यातून दोनदा, मध्यम वजनाचे पण झपाट्याने करायचे व्यायाम, तोल आणि चालण्याच्या सरावासह दिले. बारा आठवड्यांत ताकद व शक्ती वाढली, पडण्याचे प्रमाण घटले. त्याच शहरात, तीव्र आजारामुळे इस्पितळात दाखल झालेल्या ३७० वृद्धांच्या अभ्यासात (२०१९) रोज दोनदा थोडा वेळ व्यायाम करणारे, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सुधारलेल्या स्थितीत घरी गेले. अंथरुणाला खिळण्याची किंमत मोठी असते : धडधाकट वृद्धांनाही दहा दिवस झोपवून ठेवल्यास पायांचे जवळपास एक किलो मांस झडते. ‘आता वय झाले, पडून राहा’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण त्याने घातच होतो.

प्रत्यक्षात मुख्य व्यायाम अगदी साधा असतो. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीत पुढे सरकून बसायचे, पावले जमिनीवर घट्ट रोवायची, झटकन उठायचे आणि दोन-तीन आकडे मोजत सावकाश बसायचे. उठताना वेग, बसताना संयम. शक्तीच्या व्यायामाचे मर्म यातच आहे. उठणे जमत नसेल तर आसनावर उशी ठेवून उंची वाढवतात, हळूहळू ती काढतात. घोट्याला वजनाचा पट्टा बांधून गुडघा सरळ करणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, रबरी पट्टा ओढणे, पाण्याची भरलेली बाटली उचलणे हे त्याला जोडून येतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस, एका वेळी आठ ते बारा आवर्तने, आणि ती सोपी वाटू लागताच वजन वाढवणे : ही शेवटची अट बहुतेक ठिकाणी पाळली जात नाही. बसल्या जागी हात हलवल्याने सांधे मोकळे होतात, ताकद येत नाही.

श्वास रोखून जोर लावू नये; त्याने रक्तदाब एकदम चढतो. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, विश्रांतीतही छातीत दुखत असेल, हृदयाची महाधमनीची झडप फार अरुंद असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा हाड ताजे मोडलेले असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीवाचून सुरुवात करू नये. पहिले काही आठवडे फिजिओथेरपिस्ट किंवा घरचे कोणी शेजारी उभे असावे. मूत्रपिंडाचा गंभीर विकार नसेल तर शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. वरण-भात आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या आजीला ती क्वचितच मिळतात.

प्रगती मोजायला यंत्र लागत नाही. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला लागणारा वेळ घड्याळावर पाहतात. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये १२ सेकंद किंवा अधिक वेळ हे क्षीणतेचे चिन्ह ठरवले. आपल्याकडे जेवणाची पंगत, पूजा आणि दुपारच्या गप्पा अजून जमिनीवर होतात, म्हणून जमिनीवरून उठण्याचा सरावही हवा : आधी पलंगाच्या कडेवरून, मग बुटक्या स्टुलावरून, शेवटी खुर्चीला धरून पाटावरून.