कोंबडी रंगवायचा कागद अंगणवाडीत आला कुठून?

आजकाल अंगणवाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोंबडा-कोंबडीच्या चित्राची पीडीएफ येते, ताई तालुक्याला गेल्या की झेरॉक्स मारून आणतात अन् लेकरं मेणखडू घेऊन बसतात. इतकं सवयीचं झालंय की वाटतं हे पहिल्यापासूनच असंल. तसं नाही.

रेषा छापून द्यायच्या अन् लेकरानं आत रंग भरायचा, हा धंदा न्यूयॉर्कच्या मॅकलॉक्लिन ब्रदर्सनं १८८० च्या आसपास सुरू केला. तेव्हा ब्रश अन् पाण्याचे रंग लागत, म्हणजे पैसेवाल्या घरचाच खेळ. १९०३ मध्ये बिनी अँड स्मिथनं ८ मेणखडूंची क्रेयोला पेटी ५ सेंटला काढली, मग ते स्वस्त झालं. आपल्याकडं दांडेकरांची कॅम्लिन १९३१ ची, पण तीही आधी शाईवाली, रंग मागून आले, अन् खेड्यात पोचायला त्याहून कितीतरी उशीर.

तोवर इकडची पोट्टी काय रंगवतच नव्हती का? तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी रंगवायचा, सजवायचा अन् घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरायचं, दिवाळीआधी भिंतीला चुना देताना त्यात नीळ किती टाकायची यावरून भांडायचं, खाली गेरूचा पट्टा ओढायचा, हे सगळं रंगकामच होतं, फक्त त्याले कोणी ॲक्टिव्हिटी म्हणत नव्हतं.

आता खरी गंमत आपल्या वर्ध्याची. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं शिक्षण परिषद झाली, झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली अन् हातानं काम करत शिकायची नई तालीम उभी राहिली. सेवाग्रामात आर्यनायकम पतिपत्नी ते काम बघत. १९४४ मध्ये शांतिनिकेतनातून शिकलेले देवीप्रसाद तिथं कलाशिक्षक म्हणून आले, स्वतः कुंभारकाम करणारा माणूस. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लेकराचं चित्र ही त्याची स्वतःची बोली आहे, मोठ्यांनी आपला नमुना त्याच्या हातात कोंबू नये. १९४७ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकानंही जवळपास हेच लिहिलं, की तयार रेषांची सवय लागली की पोराला स्वतः काढलेलं आवडेनासं होतं. म्हणजे छापील कोंबडीवरचा आक्षेप आपल्या शेजारच्या गावातच ७०-८० वर्षांपूर्वी मांडून झाला होता, अन् आपण तोच कागद अजून वाटतोय!

पुढं २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यातून अंगणवाड्या वाढल्या. पोषण आहार, वजन, लसीकरण या सगळ्यासोबत ३ ते ६ वर्षांच्या लेकरांचं शिकवणंही त्या एकाच बाईकडं, मग तयार कागद मिळाला तर ती का नाही घेणार, तिला दोष देण्यात अर्थ नाही. अन् छोट्या हाताला खडू धरायचं वळण लागायला, रेषेपाशी थांबायला तो कागद कामाचाही आहे, मी काही त्याच्या विरोधात नाही.

माझी तक्रार कोंबडीबद्दल आहे. कागदावरची बहुतेक वेळा पांढरीफटक, लेगहॉर्न जातीची, मूळ इटलीची, पोल्ट्रीत दिसते ती. दारातली गावरान मात्र तांबडी, काळी, कबरी, एकीसारखी दुसरी नाही. कोंबड्याच्या मानेवर सोनेरी-तांबूस पिसं अन् काळ्या शेपटीवर उन्हात हिरवी चमक, ती रानकोंबड्याकडून आलेली. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा कडकनाथ कोंबडा तर तुऱ्यासकट काळा. पोरानं कोंबडी काळी रंगवली अन् वरून "तुरा लाल असतो" म्हणून कोणी खोडून काढलं तर चूक पोराची नाहीच.

(बाजारात मिळणारी गुलाबी-हिरवी पिल्लं वेगळी, ती बहुधा अंडी न देणारी म्हणून पोल्ट्रीवाल्याला नकोशी नर पिल्लं रंगात बुडवून विकतात, बरीचशी थोड्या दिवसांत मरतात. जिवंत पिल्लू रंगवणं म्हणजे शिक्षण नव्हे.)

झेरॉक्स महाग पडते म्हणून काही ताई फरशीवर खडूनं मोठा कोंबडा काढतात अन् त्यात तूर, ज्वारी, सरकी, पळसाची पानं भरायला लावतात. रेषा तिथंही ताईचीच असते, पण आत काय जाईल ते पोरं ठरवतात अन् त्यावरून चांगली हुज्जतही घालतात.