गारा की तनछोई: रेशमावरचा पक्षी भरलेला की विणलेला?

जुन्या रेशमी साडीवर करकोचे, मोर असे पक्षी दिसले की मुंबईत आपण सरसकट ‘पारशी गारा’ म्हणून मोकळे होतो. ती साडी तनछोईही असू शकते. दोन्हींची मुळं पारशांच्या चीनशी असलेल्या व्यापारात आहेत, त्यामुळे घोटाळा साहजिक आहे. पण दोन्ही सांभाळायची रीत वेगळी.

गारा म्हणजे भरतकाम. एकोणिसाव्या शतकात चीनमधल्या कँटन बंदराला जाणारे पारशी व्यापारी चिनी कारागिरांनी सुईने भरलेलं रेशीम मुंबईला आणत. तनछोई मागावरची. सर जमशेटजी जीजीभाईंनी सुरतेचे विणकर ती शिकायला चीनला धाडले, असं सांगतात. पुढे बनारसने ती उचलली. पैठणीच्या पदरावरच्या मोरासारखा तनछोईचा पक्षी कापडातच असतो. गाऱ्याचा मात्र कापडावर बसलेला.

उलट बाजू बघून ठरवा, असा सल्ला हमखास मिळतो. इथे तो फसवतो. चांगलं चिनी भरतकाम मागूनही जवळपास पुढच्याइतकंच साफ असतं, आणि तनछोईच्या मागेही धागे लोंबत नाहीत. त्यापेक्षा चकाकी बघा. भरतकामात टाके पिसांच्या दिशेने वळतात, म्हणून साडी उजेडात फिरवली की पंखावरची झळाळी सरकत जाते. तनछोईत नक्षीचा धागा आडवाच धावतो. सगळे पक्षी एकाच वेळी चमकतात आणि ठरावीक अंतराने हुबेहूब तेच परत येतात. भिंगातून विणलेल्या पक्ष्याची गोलाई पायऱ्यापायऱ्यांची दिसते. (मागे बॉबिनचा एकसारखा पांढरा दोरा दिसला तर दोन्ही नाही, मशीनचं काम.)

गाऱ्यात आधी दगा देतं ते भरतकाम नव्हे, खालचं कापड. भरगच्च टाक्यांचं वजन त्यावर वर्षानुवर्षं पडतं आणि पक्ष्याच्या कडेने ते विरतं. म्हणूनच पारशी घरांत भरलेली किनार, म्हणजे कोर, काढून नव्या साडीला लावायची पद्धत होती. असा गारा हँगरवर लटकवणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं. धागा पीळ न दिलेला, त्यामुळे बांगडीत पटकन अडकतो. इस्त्रीने टाके चपटे होतात ते कायमचे. पाणीही नको: जांभळ्या-लाल कापडाचा रंग पांढऱ्या टाक्यांत उतरला तर परत निघत नाही.

तनछोईचा शत्रू घडी. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की तिथेच चिरते, आणि तिथला पक्षीही चिरतो. त्यावर रफू करू नये. नवा दोरा जुन्या रेशमाहून बळकट, तो शेजारचं कापड कापतो. मागून मऊ रेशमाचा आधार देणं बरं, तेही जाणकाराकडून.

दोन्ही शक्यतो आम्लरहित कागद घालून जाड नळीवर गुंडाळा, गाऱ्याची भरलेली बाजू बाहेर ठेवून. हवेत पासष्ट टक्क्यांवर ओलावा टिकला की बुरशी धरते आणि मुंबईच्या पावसाळ्यात तो सहज टिकतो, म्हणून प्लास्टिकची पिशवी नको, धुतलेली मलमल हवी. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. कपड्यांना ऊन दाखवायची आजीची सवय सुतीसाठी ठीक. रेशमाला हिवाळ्यातल्या कोरड्या दिवसांत सावलीतली हवा द्यावी. रेशमावरचा प्रकाशाचा परिणाम साठत जातो, नंतर अंधारात ठेवून तो भरून येत नाही. संग्रहालयं म्हणूनच अशा कापडावर 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड ठेवतात.

अस्सल गारे बघायचे तर मुंबईच्या खरेघाट कॉलनीतलं अल्पाईवाला हे पारशी संग्रहालय गाठावं. धडधाकट साडीतला पक्षी कापून फ्रेम करायची फॅशन मला अजिबात पटत नाही. साडी आधीच फाटली असेल आणि एखादा तुकडा वाचवायचाच असेल, तर काच टाक्यांपासून दूर ठेवा, मागे प्लायवूड लावू नका आणि पावसाचा मार खाणारी बाहेरची भिंत टाळा.