लघवीच्या नळीला गालाच्या आतलं ठिगळ

तासगावचे माझे मामा लघवीला गेले की दहा-दहा मिनिटं बाहेर यायचे नाहीत. धार दोऱ्यासारखी, तीपण जोर केला तर. वय झालं, प्रोस्टेट असणार असं घरातच ठरवून टाकलेलं, पण ते प्रोस्टेट नव्हतंच, ट्रॅक्टरवरून घसरून दोन पायांच्या मधे मार बसलेला त्याचा व्रण आतल्या आत आकसत नळी बुजत चालली होती. कंबरेचं हाड मोडलं किंवा कॅथेटर, म्हणजे लघवी काढायला आत घालतात ती रबरी नळी, घालताना जखम झाली तरी असं होतं.

एका ठिकाणी चार वेळा नळी मोठी करून दिली, कधी सळईने, कधी दुर्बिणीतून काप देऊन, दोन महिने बरं वाटायचं की परत तेच. याचा मला खरंच राग आहे. छोटा आणि पहिल्यांदाच झालेला अडथळा असेल तर दुर्बीण ठीक, पण तेच सारखं करत राहिलं तर प्रत्येक काप म्हणजे नवा व्रण, नळी अजूनच कडक.

मग मिरजेला रंग घालून एक्स-रे काढला. लघवीचा वेग मशीनवर सेकंदाला 4 मिली, हवा 15 च्या वर. मामा म्हणाले, "म्हणजे ठिबकची नळी कापून जॉइनर टाकायचा की." डॉक्टर म्हणाले तसंच, पण शरीरात जॉइनर नसतो, दोन टोकं ओढून एकमेकांना शिवायची, त्यामुळं साधारण 2 सेंटीमीटरपर्यंतच जमतं. मामांचा अडथळा 5 सेंटीमीटरचा. मग गालाच्या आतलं अस्तर काढून नळीला ठिगळ लावतात, ते कायम ओलाव्यात राहणारं, बिनकेसाचं, आणि त्यात रक्तपुरवठा पटकन सुरू होतो. पूर्ण नळीच खराब असेल तरी पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींनी 2009 मध्ये मांडलेली पद्धत आहे, नळी एकाच बाजूनं सोडवायची म्हणजे दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा शाबूत राहतो. अगदीच काही उरलं नसेल तर वृषणांच्या मागं कायमचं तोंड काढून देतात, बसून लघवी करावी लागते पण मोकळी होते.

आणि डॉक्टरांनी आधी बॅटरी लावून मामांचं तोंड बघितलं! डाव्या गालात वर्षानुवर्षं तंबाखूचा बार, तिथलं अस्तर पांढरं, ताठ. तुकडा उजवीकडून घेतला. चारपाच दिवस पातळ खाणं, तीन आठवडे कॅथेटर, मग परत रंगाचा एक्स-रे, कुठं गळत नाही बघून कॅथेटर काढला.

परवा मशीनवर 22 आले.