धुऱ्यावरची वही, फोन आणि तुराटीचा कोळसा

कापसाच्या फुलाला पाकळ्या किती? त्याचा रंग कोणता? वावरातून येऊन ओसरीवर टेकलेल्या माणसाला हे विचारलं, तर पहिल्या प्रश्नावर तो अडखळतो आणि दुसऱ्यावर घरातच दोन मतं पडतात. कुणी म्हणतं पांढरं, कुणी म्हणतं गुलाबी. दोघंही बरोबर असतात. आपल्याकडच्या संकरित कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा सायीच्या रंगाचं असतं. दुपार कलली की त्यावर लाली चढू लागते, दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होतं आणि तिसऱ्या दिवसापासून मिटून सुकायला लागतं. जांभळाला रंग देणाऱ्या अँथोसायनिन गटातलीच रंगद्रव्यं पाकळ्यांत तयार होतात, म्हणून हा पालट. पाकळ्या पाच.

ऑगस्टपासून पुढे हजारो फुलं डोळ्यांसमोरून जातात, तरी ती आठवणीत उतरत नाहीत. यात निष्काळजीपणा नाही, आपल्या पाहण्याची घडणच तशी आहे. हात समोर ताणून अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या भागातच, म्हणजे सुमारे २ अंशांच्या कोनात, डोळ्याला बारीक तपशील स्वच्छ दिसतो. बाकीचं दृश्य अंधूकच असतं. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत तुकडे गोळा करतो आणि मधल्या जागा मेंदू ओळखीवर, अंदाजावर भरून काढतो.

मेंदू किती सहज वगळतो, हे घरीच तपासता येतं. पांढऱ्या कागदाच्या मधोमध पेनानं ठिपका काढा. त्यापासून आठ-दहा सेंटीमीटरवर हळदीचं बोट फिकट, कडा पुसट राहील असं उमटवा. कागद वीतभर-दीड वीत अंतरावर धरून नजर ठिपक्यावर खिळवा. वीसेक सेकंदांत हळदीचा डाग विरून जातो आणि नजर जरा हलली की परत येतो. डाग गडद असेल किंवा नजर हलत राहिली, तर हे दिसत नाही. स्वित्झर्लंडचे वैद्य इग्नाझ ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्ये हा प्रकार नोंदवला. जो संकेत बदलत नाही त्याची दखल घेणं मज्जासंस्था थांबवते. रोजच्या वाटेवरचा निंब न दिसणं ही याहून वरच्या पातळीवरची गोष्ट आहे, पण हिशोब तोच: ओळखीचं आहे ना, मग सोडा. १९९९ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री यांनी प्रेक्षकांना एका चित्रफितीतल्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा एकमेकांकडे दिला ते मोजायला सांगितलं. मधूनच गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती चालत गेली. सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही.

ही काटकसर गरजेची आहे. बंडी हाकणाऱ्याला वाटेवरचा प्रत्येक खडा दिसू लागला तर बंडी पुढे सरकणार नाही. मात्र नवं काही सुचायला कच्चा माल लागतो, आणि तो याच वगळलेल्या गोष्टींत पडून असतो. लिहिणं, फोटो काढणं आणि चित्र काढणं ही वगळलेलं परत मिळवायची तीन साधनं आहेत. कलावंत व्हायचं असो वा नसो.

मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉफमन आणि रोनाल्ड बेगेटो यांनी २००९ मध्ये सर्जनशीलतेच्या चार पातळ्या मांडल्या. थोरामोठ्यांची युग बदलणारी निर्मिती आणि व्यावसायिक कलावंतांचं काम या त्यातल्या दोनच. उरलेल्या दोन सगळ्यांच्या असतात: घरातली, रोजची कल्पकता आणि शिकताना स्वतःपुरतं काही नवं उमगणं. तान्ह्या पोळ्याला पोर लाकडी नंदीसाठी जुन्या पत्रिकेची झूल कातरतं, ती यातलीच. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या एका अभ्यासात ६५८ तरुणांनी १३ दिवस रोजनिशी भरली. ज्या दिवशी त्यांच्या हातून नेहमीपेक्षा जास्त सर्जक काम झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना जास्त उत्साही वाटलं. आज उत्साह आहे म्हणून उद्या जास्त सर्जक काम झालं, असं मात्र दिसलं नाही. मन लागेल तेव्हा बसू, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

लिहिण्यापासून सुरुवात सोपी. एकच जागा ठरवा: धुऱ्यावरचं बाभूळ, विहिरीचा काठ, कोठ्याचं दार. रोज त्याच वेळी १० मिनिटं बसा. पाहिलेलं, ऐकलेलं, वासाचं, स्पर्शाचं तेवढंच लिहा आणि ‘सुंदर’, ‘छान’, ‘प्रसन्न’ हे शब्द महिनाभर बंद ठेवा. ‘सकाळ प्रसन्न होती’ या वाक्यात पाहिलेलं काहीच नाही. ‘निंबाची सावली विहिरीच्या कठड्याला टेकली तेव्हा साडेआठ झाले होते; कोतवाल तारेवरून चारदा झेपावला, तीनदा रिकामा परतला’ यात सकाळ आहे. मोजण्याची सवय लावा, कारण मोजायचं म्हटलं की नजर टिकते.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला वाटतं, लिहायला काही उरलं नाही. बहुतेक जण इथेच उठतात आणि चूक तिथेच होते. ओळखीच्या गोष्टींची यादी संपल्याशिवाय अनोळखी तपशील समोर येत नाही. दुसरी अडचण म्हणजे मन खताच्या उधारीकडे, पोरांच्या फीकडे पळतं. ते दाबू नका. डाव्या पानावर एका ओळीत टिपा आणि उजव्या पानावर परत या.

शब्द आपलेच ठेवा. वावर, धुरा, पऱ्हाटी, रोही, जागल हे शब्द शाळेच्या निबंधात येत नाहीत म्हणून वहीतही गाळले, तर पाहणंच बोथट होतं. रशियन भाषेत फिकट आणि गडद निळ्यासाठी दोन स्वतंत्र मूळ शब्द आहेत. त्या दोन छटांतला फरक रशियन भाषक जास्त चटकन ओळखतात, असं २००७ मधल्या एका प्रयोगात दिसलं. बैल ढवळा, कबरा की बांडा, हे ज्याला सांगता येतं त्याची नजर ‘पांढरा बैल’वर थांबत नाही.

फोनचं जरा वेगळं आहे. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या. नुसत्या पाहिलेल्या जास्त आठवल्या. लक्षात ठेवण्याचं काम कॅमेऱ्यावर सोपवलं गेलं होतं. मात्र ज्यांनी झूम करून वस्तूच्या एकाच भागाचा फोटो घेतला, त्यांची आठवण शाबूत राहिली, चौकटीबाहेरच्या भागाचीसुद्धा. म्हणून नियम असा: आधी दोन मिनिटं नुसतं पाहा, काय घ्यायचं ते एका वाक्यात ठरवा आणि मग एका विषयाचे तीनच फोटो काढा.

फुटलेल्या कापसाचा फोटो घेतला की तो मळकट का येतो? प्रकाश मोजताना कॅमेरा धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम राखाडी आहे, साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारं. चौकट पांढऱ्या बोंडांनी भरली की त्याला उजेड फार वाटतो आणि तो फोटो गडद करतो. पावसानं भिजलेल्या काळ्या मातीचं उलट होतं: ती उजळून राखेसारखी दिसते. फोनमधल्या आज्ञावल्या सुधारल्या असल्या, तरी चौकट एकाच रंगानं भरली की ही चूक अजून होते. उपाय सोपा आहे. पडद्यावर विषयाला बोट लावून दाबून धरा, म्हणजे फोकस आणि प्रकाश तिथेच बांधला जातो. मग शेजारचं सूर्याचं चिन्ह कापसासाठी थोडं वर, काळ्या मातीसाठी थोडं खाली सरकवा. आकडे दिसत असतील तर कापसाला +०.७ ते +१ पुरतं. त्याहून वर गेलात तर तंतू वितळून नुसता पांढरा डाग उरतो, आणि उडालेला तपशील नंतर कशानंही परत येत नाही. फोटो मोठा करून तंतू दिसतात का, ते तिथेच पाहा.

वेळही महत्त्वाची. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. गोलाई आपल्याला कळते ती सावलीवरून. म्हणून भर दुपारच्या फोटोत चेहऱ्यावर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि बाकी सगळं सपाट दिसतं. सूर्योदयानंतरचा आणि मावळतीआधीचा तास घ्या. उन्हाळ्यात फोन उन्हात ठेवू नका. अनेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आपल्याकडे पारा ४५ वर जातो, आणि तापलेला फोन कॅमेरा बंद करून टाकतो. भिंगावरची धूळ आधी फुंकून काढा, मगच मऊ सुती धोतराच्या तुकड्यानं पुसा. धुळीसकट घासलं तर ओरखडे पडतात.

तिन्ही साधनांत चित्राची ताकद सर्वांत मोठी आहे आणि लोक घाबरतात तेही त्यालाच. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की शब्द नुसता लिहून काढण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर तो कितीतरी जास्त लक्षात राहतो. चित्र किती चांगलं जमलं, यावर हा फायदा अवलंबून नव्हता. चित्र काढताना पाहणं, अर्थ लावणं आणि हात हलवणं ही तिन्ही कामं एकाच वेळी होतात.

साहित्य घरचं होतं. तुराटीचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा, कोळसा हलका आणि मऊ असतो. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठीही तो वापरत. पेन्सिलीएवढ्या जाड, बोटभर लांब, पूर्ण वाळलेल्या काड्या घ्या आणि साल काढा. घट्ट झाकणाचा रंग नसलेला लोखंडी डबा त्यांनी ठासून भरा. जागा राहिली तर काड्या वाकतात, म्हणून फटींत कोरडी रेती घाला. झाकणाला खिळ्यानं दोनेक मिलिमीटरचं एकच भोक पाडा. भोक विसरलात तर आतल्या वायूच्या दाबानं डबा फुटेल, यात हयगय नको. अंगणातल्या पऱ्हाटीच्या जाळात डबा ठेवा, बंद खोलीत कधीही नाही. आधी पांढरी वाफ येते, मग दाट पिवळसर धूर, आणि कधी तो भोकाशी पेटतोही. हवेअभावी लाकूड जळत नाही; त्यातलं वायुरूप होणारं सगळं निघून जातं आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. पाऊण ते एक तासात धूर थांबला की डबा बाहेर काढा, भोकावर ओल्या मातीचा गोळा थापा आणि रात्रभर निवू द्या. गरम असताना झाकण उघडलं तर हवा लागून काड्या पेटतात आणि हाती राख येते. चांगली काडी कडकन मोडते, आतपर्यंत काळी असते आणि कागदावर मखमली रेघ देते. मध्ये तपकिरी राहिली आणि कागद खरवडू लागली, तर भाजणं कमी पडलं. तशा काड्या परत डब्यात भरा.

वहीच्या गुळगुळीत पानावर कोळसा धरत नाही, कारण त्याचे कण अडकायला कागदाला खरखर लागते. खाकी कागदाची खरबरीत बाजू घ्या. तिचा दुसरा फायदा असा, की कापसाचा पांढरा खडूनं काढता येतो. काळ्या मातीचाही रंग होतो: वस्त्रगाळ माती एक चमचा, बाभळीच्या डिंकाचं दाट पाणी अर्धा चमचा. थर मात्र पातळ द्या. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावराला जशा भेगा पडतात, तशाच जाड थराला कागदावर पडतात.

पहिला सराव न बघता काढण्याचा. फुटलेलं बोंड समोर ठेवा आणि कागद चारी कोपऱ्यांना चिकटवा. नजर फक्त बोंडाच्या कडेवर ठेवून ती मुंगीच्या चालीनं सरकवा, तेवढ्याच वेगानं काडीही सरकू द्या. ५ मिनिटं कागदाकडे पाहायचं नाही. रेघा जुळणार नाहीत, आकार वेडावाकडा येईल, आणि तो तसाच यायला हवा. आपण एरवी बोंड काढत नाही, बोंडाची खूण काढतो, जसं झाड म्हटलं की काठीवर ढग. कागद दिसला नाही तर मेंदूला ती खूण बसवता येत नाही. दुसरा सराव पोकळीचा: वाळलेल्या कवचाच्या टोकांमधली रिकामी जागा काढा, कवच आपोआप उमटतं. पांढरा कापूस कोळशानं काढायचाच नसतो, त्याच्याभोवतीचा काळोख भरायचा असतो. सगळे जण सुरुवातीला कापसालाच काळी किनार देतात आणि त्याचा दगड होतो.

आता तिन्ही साधनं एका पानावर आणा. सकाळी आठच्या सुमारास नुकत्याच उमललेल्या पाच फुलांच्या देठांना रंगीत दोरा सैल बांधा. पाच यासाठी, की कपाशी आपली कितीतरी कोवळी बोंडं स्वतःच गाळते आणि एकाच फुलावर विसंबलं तर नोंद अर्धी राहते. तीन दिवस त्याच वेळी, त्याच बाजूनं, वीतभर अंतरावरून एकेक फोटो घ्या. प्रत्येकाखाली तीन ओळी लिहा आणि एक रेखाटन करा.

शोधताना एखादं फूल न उमलता आतल्या आत पिळवटून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं दिसेल. ती डोमकळी. आत गुलाबी बोंडअळी असते आणि तिनंच पाकळ्या धाग्यांनी आतून शिवलेल्या असतात. तिचं चित्र काढा, ओळ आणि जागा वहीत लिहा, मग कळी तोडून अळीसकट नष्ट करा आणि आसपासच्या झाडांवर अशा किती आहेत ते मोजा.

दोरे सोडू नका. देठ जाड होतं तसा दोरा रुतू लागतो, म्हणून आठवड्यानं एकदा ढिला करून घ्या. साधारण पन्नास दिवसांनी त्यांतल्या एखाद्या दोऱ्याशी फुटलेलं बोंड लटकत असेल. तेव्हा खाकी कागद आणि तुराटीची काडी घेऊन जा.